कल्याणच्या डॉक्टर आनंदीबाई

डोळखांबहून एस.टी.ने आसनगाव गाठावे आणि लोकलमध्ये बसावे, की तासाच्या आत कल्याण येते. कॉलेजच्या पुस्तकांसाठी, नोकरीच्या अर्जासाठी, दवाखान्यासाठी आपल्यापैकी बहुतेकांचे कल्याणला जाणे होतेच. या जुन्या कल्याणात गणपतराव जोशी नावाचे एक गृहस्थ राहत होते. घराणे एकेकाळचे जमीनदारांचे, पण पुढे ओढगस्तीला आलेले. त्यांच्या घरी ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या मुलीचे नाव यमुना. तीच पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी झाली. ठाणे जिल्ह्याचे हे माहेरवाशीण नाते आपण फारसे सांगत नाही. पुण्याने आणि कोल्हापूरने आनंदीबाईंवर आपला हक्क सांगितला, आणि आपण तो निमूटपणे सांगू दिला!

आनंदीबाईंची गोष्ट बहुतेकांनी कोठेतरी वाचलेली असते. श्री. ज. जोशी यांची १९६८ सालची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आपल्या ग्रंथालयांतून हातोहात फिरली, तिच्यावर नाटक आले, २०१९ साली चित्रपटही आला. पण या सगळ्यात लक्षात राहतात ते बहुधा गोपाळराव. त्यांचा विक्षिप्तपणा, त्यांचा हट्ट, पत्नीला शिकवायचेच हा त्यांचा ध्यास. आनंदीबाई डॉक्टर झाल्या हे सर्वांना ठाऊक असते. त्यांनी वैद्यकातला कोणता विषय स्वतःचा मानला, आणि का मानला, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः तेच सांगावयाचे आहे.

यमुनेचे लग्न १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी झाले. नवरा गोपाळ विनायक जोशी. पोस्टात कारकून, बिजवर, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. मुलीला शिकवू द्याल तरच लग्न करीन, अशी अट त्याने घातली होती असे सांगतात. त्या काळी अशी अट घालणारा वर वेडाच म्हणावयाचा. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली आणि तिचा अभ्यास सुरू झाला. हा अभ्यास गोड नव्हता. पुस्तक सोडून स्वयंपाकात रमली म्हणून तिने मार खाल्ला, आणि त्या माराच्या आठवणी तिने पुढे अमेरिकेहून नवऱ्यालाच पत्रातून कळविल्या. गोपाळरावांना केवळ देवमाणूस ठरविणाऱ्यांनी आणि केवळ राक्षस ठरविणाऱ्यांनी, दोघांनीही ही पत्रे नीट वाचावीत.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

कादंबरीत या प्रसंगाला जितकी पाने मिळतात त्याहून अधिक लक्ष त्याच्याकडे द्यायला हवे. त्या काळी बाळंतपण म्हणजे अंधारी खोली, शेगडी, सुईण आणि घरातली वडीलधारी बाई. पुरुष डॉक्टरने बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकणे ही गोष्ट प्रतिष्ठित घरात बोलण्याचीसुद्धा नव्हती, आणि स्त्री डॉक्टर तर नव्हतीच. चौदा वर्षांच्या मुलीच्या कमरेचे हाड पुरते वाढलेले नसते, तिच्या स्वतःच्या अंगाला अजून अन्न हवे असते. त्यात पोटातल्या जिवाचा वाटा. अशा बाळंतपणात मूल अडणे, दिवस भरण्याआधी जन्मणे, कमी वजनाचे होणे, आईचा रक्तदाब चढून झटके येणे या सर्वांचा धोका वाढतो, हे आज आपल्याला पाठ आहे. कायदा मात्र त्या वेळी मुलीच्या दहाव्या वर्षानंतर काहीच बोलत नव्हता. ही मर्यादा बारावर गेली ती १८९१ साली. शारदा कायद्याने १९२९ मध्ये लग्नाचे वय चौदा केले आणि पुढे ते अठरा झाले. म्हणजे आनंदीबाईंच्या मुलाचा जन्म आणि मृत्यू दोन्ही अगदी कायदेशीर होते.

या मृत्यूनंतर आनंदीबाईंच्या मनात डॉक्टर होण्याचा विचार धरला तो सुटला नाही. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. दुःख झालेली बाई त्या काळी व्रते करी, नवस बोले, किंवा नशिबाला दोष देऊन गप्प बसे. या मुलीने मात्र आपल्या दुःखाचे कारण दवाखान्यात शोधले. बाई डॉक्टर असती तर बायकांनी तिला दुखणे सांगितले असते, हे तिला कळले. पुढे १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात बंगाली श्रोत्यांपुढे इंग्रजीतून तिने जे भाषण केले, त्याचा गाभा हाच होता की हिंदुस्थानला हिंदू स्त्री डॉक्टरांची अतिशय गरज आहे.

मधल्या वर्षांची हकीकत थोडक्यात सांगतो. बदलीच्या नोकरीमुळे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशी भ्रमंती झाली. गोपाळरावांनी १८८० साली वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्नीच्या शिक्षणासाठी पत्र लिहिले. ख्रिस्ती व्हाल तर पाहू, असा त्याचा सूर होता. दोघांनाही ते मान्य नव्हते. परंतु वाइल्डरने तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो दाताच्या डॉक्टरकडे खोळंबल्या असताना वाचला. दातदुखीचे एवढे मोठे उपकार दुसरे नसतील! कार्पेंटरबाईंनी पत्र लिहिले, पत्रांतून त्या आनंदीच्या मावशी झाल्या. अंगावरचे दागिने विकून, ७ एप्रिल १८८३ रोजी, नवऱ्याशिवाय, अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेथील डीन रेचेल बॉडली यांनी त्यांना आपल्या पंखाखाली घेतले. जपानची केई ओकामी, सिरियाची साबात इस्लामबुली आणि नऊवारीतल्या आनंदीबाई, अशा तिघींचे १८८५ सालचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

आता प्रबंधाकडे येऊ. पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. हृदय, डोळे, हाडे, ताप यांपैकी कोणताही विषय त्यांना घेता आला असता. त्यांनी गर्भिणी आणि बाळंतीण निवडली. आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके अशा दोन्हींचा आधार त्यांनी घेतला. हे धाडसाचे होते, कारण तेव्हाचे अमेरिकन वैद्यक पूर्वेकडून काही शिकायला तयार नव्हते आणि आपल्याकडचे शास्त्री पश्चिमेकडून.

आयुर्वेदात गर्भिणीचा विचार खरोखरच बारकाईने केलेला आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात महिन्यामागून महिना गर्भिणीने काय घ्यावे हे सांगितले आहे. पहिल्या महिन्यात नुसते दूध, दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेले दूध, तिसऱ्यात दुधाबरोबर मध व तूप, चौथ्यात दूध आणि लोणी, असे पुढे नवव्यापर्यंत. काठोकाठ भरलेले तेलाचे भांडे जसे न हिंदकळता न्यावे तसे गर्भिणीला सांभाळावे, असे चरक म्हणतो. सुश्रुताने चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते व आई दोन हृदयांची होते म्हणून तिच्या इच्छा मोडू नयेत असे सांगितले. आपला ‘डोहाळे’ हा शब्द तिथूनच आला. नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागृह तयार ठेवावे, तेथे अनुभवी स्त्रिया असाव्यात, हेही ग्रंथात आहे. आता हे सारे दूधतूप कोणाच्या घरी होते, हा प्रश्न आपल्या भागातल्या वाचकाला पडेलच. ठाकर, कातकरी किंवा महादेव कोळी वाड्यांवर नागली-वरीची भाकर आणि पावसाळ्यात रानभाजी हा आहार; तिथे चरकाची यादी वाचून दाखविणे ही थट्टाच ठरेल. पण महिन्यामागून महिना पाहावे, दुखणे येण्याआधी पाहावे, ही त्यामागची दृष्टी मात्र टाकाऊ नव्हती.

आणि नेमकी हीच दृष्टी त्या काळच्या पाश्चात्य वैद्यकात अजून यायची होती! आश्चर्य वाटेल, पण आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकत होत्या तेव्हा अमेरिकेतली गर्भिणीसुद्धा डॉक्टरपुढे येई ती बहुधा कळा सुरू झाल्यावर. ज्ञानाचे तुकडे होते. कर्गाराडेक या फ्रेंच डॉक्टरने १८२१ साली पोटाला नळी लावून गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकल्याचे मांडले होते. लंडनच्या लीव्हरने १८४३ मध्ये झटके येणाऱ्या गर्भिणींच्या लघवीत प्रथिने असतात हे दाखविले होते. पिनारने १८७८ मध्ये पोट चाचपून मूल आडवे की उभे हे ओळखण्यावर ग्रंथ लिहिला होता. पण दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन रिव्हा-रोची या इटालियनाने केले ते १८९६ साली, आनंदीबाई गेल्यावर नऊ वर्षांनी. एडिंबरोच्या बॅलंटाइनने १९०१ मध्ये लेख लिहून गर्भिणींसाठी प्रसूतीपूर्वीच इस्पितळात सोय हवी असे मांडले आणि तिथे एक खाट तशी मिळाली. एक खाट! ब्रिटनमध्ये कोणत्या आठवड्यात तपासावे याचे सरकारी वेळापत्रक निघाले ते १९२९ मध्ये. म्हणजे आज उपकेंद्रात नर्सबाई जे अर्ध्या तासात करते, ते १८७९ साली जगातल्या कोणत्याही राणीला मिळत नव्हते.

ते अर्ध्या तासाचे काम काय असते, हे येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुली येत्या चार-पाच वर्षांत त्या बाकावर बसणार आहेत, आणि मुलगे त्यांच्याबरोबर जाणार आहेत (जात नसतील तर जावे). शिवाय पाड्यावरची वहिनी, काकी आपल्यालाच विचारते की दवाखान्यात नेऊन करतात तरी काय.

पाळी चुकली की आशाताईंना सांगावे आणि पहिल्या बारा आठवड्यांतच नाव नोंदवावे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारतात. त्यात नऊ महिने सात दिवस मिळविले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. म्हणून ती तारीख भिंतीवर, दिनदर्शिकेवर, कोठे तरी लिहून ठेवावी. होळीनंतर केव्हातरी, असे सांगून भागत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड मिळते. उंची, वजन, रक्तदाब पाहतात. बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहतात. ते अकराच्या खाली असेल तर रक्त कमी आणि सातच्या खाली असेल तर गंभीर, लगेच मोठ्या दवाखान्यात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला, म्हणजे निम्म्याहून अधिक. रक्तगट, साखर, एच.आय.व्ही., गुप्तरोग आणि काविळीचीही तपासणी होते, आणि आदिवासी भागात सिकलसेलची चाचणी विसरून चालत नाही. लघवी तपासतात ती साखर आणि प्रथिने यांसाठी. लीव्हरने १८४३ मध्ये जे पाहिले तेच. धनुर्वाताचे इंजेक्शन देतात, दुसरे महिन्याने.

पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिडची गोळी, पुढे रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस लोहाची गोळी आणि कॅल्शियमच्या गोळ्या. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, मळमळते. म्हणून बायका ती फडताळात टाकतात. ती रात्री जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमबरोबर एकाच वेळी घेऊ नये. काळे होणे हे नुसते लोहामुळे असते, त्यात भिण्यासारखे काही नाही. या गोळ्यांनी मूल मोठे होऊन अडते, अशी समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. आनंदीबाईंनी अशा समजुतींशी सामना देण्यासाठीच पुस्तके वाचली असावीत असे मला वाटते.

दुसरी तपासणी चौदा ते सव्वीस आठवड्यांत, तिसरी अठ्ठावीस ते चौतीसमध्ये, चौथी छत्तिसाव्या आठवड्यानंतर. चार ही किमान संख्या आहे. प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, रक्त आणि लघवी पाहतात आणि पोटावरून हात फिरवून गर्भाशय किती वर आले ते पाहतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात ते बेंबीपर्यंत येते. ठोके मिनिटाला १२० ते १६० पडावे लागतात. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असेल तर पुन्हा मोजतात आणि डॉक्टरकडे पाठवितात. शेवटच्या तपासणीत मूल डोक्याने खाली आहे की पायाने, की आडवे, हे पाहून बाळंतपण कोठे करायचे ते ठरते. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारू नये आणि कोणी सांगू नये. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच त्याविरुद्ध पहिला कायदा केला. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. अंगावरून रक्त जाणे, झटके, फार डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी, तोंड-हात सुजणे, पाणी जाणे, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. पावसाळ्यात पाड्यावरून डोली करून सडकेपर्यंत यावे लागते अशा ठिकाणी तर नववा लागताच सडकेजवळच्या नातेवाईकाकडे मुक्काम हलविणे शहाणपणाचे.

२०१८–२० या काळात महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू झाले, देशात ९७. आनंदीबाईंच्या काळाशी या आकड्यांची तुलना करावयाची कल्पनाही करवत नाही. पण तेहतीस म्हणजे शून्य नव्हे.

पुन्हा फिलाडेल्फियाकडे वळू. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. इंग्लंडच्या राणीनेही अभिनंदन पाठविले. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या, तेव्हा ‘पहिली’ कोण यावर भांडण्यात हशील नाही, दोघीही पहिल्या. कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची डॉक्टर म्हणून नेमले. ज्या बायका पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडणार नव्हत्या त्या आता नऊवारी नेसलेल्या एका मराठी डॉक्टरणीपुढे बसणार होत्या.

त्या बसल्या नाहीत. अमेरिकेतली थंडी, अपुरे अन्न, अभ्यासाचा ताण आणि आधीचीच नाजूक प्रकृती यांत क्षयाने त्यांना गाठले होते. १८८६ च्या अखेरीस त्या गोपाळरावांसह मुंबईला उतरल्या. लोकांनी स्वागत केले, पण त्यांना उभे राहवत नव्हते. पुण्यास उपचार चालले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर असताना, त्या वारल्या. स्वतःच्या दवाखान्यात एकही गर्भिणी तपासण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

त्यांचे काम दुसऱ्यांनी केले. मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय १८८६ मध्येच उघडले होते. डॉक्टर रखमाबाईंनी सुरतेला आणि पुढे राजकोटला आयुष्य वेचले. पुण्याच्या शाळेत शिकलेल्या बेने इस्रायली डॉक्टर जेरुशा झिराड १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या, आणि मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात याची चौकशी त्यांनी १९३७–३८ मध्ये केली. कोल्हापूरचे ते आल्बर्ट एडवर्ड इस्पितळ आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय या नावाने चालू आहे.

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या पुरल्या आहेत. तेथील दगडावर शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असे कोरले आहे. प्रबंधाचा, किंवा दहा दिवस जगलेल्या त्या मुलाचा, उल्लेख त्यावर नाही.